दाराची कादंबरी आणि डझनभर संत्री

चार माणसं एकाच लेखकाच्या नादी लागली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सरकी काढायच्या जिनात काम करणाऱ्याच्या अंगाला कापूस चिकटतो तसे ते चिकटतात, झटकले तरी जात नाहीत. आता त्या चारातले दोघंच उरलो आहोत, मी आणि देशमुख. मास्तर पिकल्या पानासारखे गेले, त्याचं एवढं वाटत नाही. बापूचं वाटतं. आम्ही दोघं भेटलो की हेच उगाळत बसतो आणि घरचे लोक एकेक करून उठून जातात.

लेखक अकोल्याचा, टोपणनावानं लिहायचा. त्याच्या गोष्टीत माणूस विहिरीत वाकला की त्याला स्वतःचं म्हातारपण दिसायचं, काल गेलेली गाडी उद्या यायची. वाचून डोकं भणभणायचं. पुण्याच्या एका मासिकात दरमहा एक प्रकरण येई आणि अमरावतीत आमच्या टोळीत त्याचा एकच अंक, बापूच्या नावावर. बापूची भातकुलीच्या रस्त्याला झेंडू-शेवंतीची बाग होती, गावात फुलांचं दुकान. मी कचेरीत नकलनवीस, वामन मास्तर शाळेत सायन्स शिकवायचे, देशमुख दर्यापूरकडचा शेतीवाला. रविवारी दुपारी बापूच्या दुकानामागे बैठक. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, लोक रॉकेलच्या रांगेत उभे, आणि आम्ही काळ उलटा वाहतो की सुलटा यावर भांडत होतो.

*

लेखकाची सगळ्यात पहिली कादंबरी आम्ही वाचायला लागण्याआधीच मासिकात छापून गेलेली. तिचे सुटे अंक बापूला रद्दीत सापडले. त्यानं ते बांधायला दिले. बाइंडर बिचारा जन्मभर उर्दू पुस्तकं बांधणारा, त्यानं सवयीनं पहिलं प्रकरण उजवीकडे लावलं आणि शेवटचं डावीकडे. आमच्या हाती पुस्तक आलं ते शेवटापासून सुरू होणारं.

आम्ही दोन महिने ते तसंच वाचलं. माणूस आधी मरतो, मग आजारी पडतो, मग त्याचं लग्न होतं. मास्तरांनी यावर दीड तास भाषण दिलं. शेवटी देशमुख म्हणाला, "मास्तर, पहिल्याच प्रकरणाखाली 'समाप्त' काहून लिहिलं हाये?" मास्तर म्हणाले की हेच तर लेखकाला सांगायचं आहे. बापूनं पानांच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

मास्तर पुढचे दोन रविवार बैठकीला आले नाहीत. मी मासिकाच्या पत्त्यावर लेखकाला सगळी हकीकत कळवली. त्याचं एका ओळीचं पोस्टकार्ड आलं: 'आपल्या बाइंडरचा पत्ता कळवावा.'

*

एका प्रकरणात नायक सकाळी उठतो आणि गावात त्याला कोणीच ओळखत नाही. ते वाचलं आणि देशमुखाचा जीव थाऱ्यावर राहिना. दर्यापूरच्या बाजारात तो येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालत सुटला. सगळ्यांनी घेतला. एक शेजारचा शेतकरी मात्र सरळ तोंडावर पाहत निघून गेला, हू की चू नाही.

देशमुख घरी येऊन पांघरूण घेऊन पडला. बायकोला विचारायला लागला, तू मला ओळखतेस ना? तिनं दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच बापू सायकल हाणत त्या शेतकऱ्याकडे गेला आणि विचारलं, की बाबा, देशमुखाला ओळखलं नाहीस का?

"ओळखलं ना," तो म्हणाला, "म्हणूनच तं बोललो नाई. धुरा कोरून राहिला तो माह्या वावराचा."

बापूनं येऊन हे सांगितलं आणि देशमुखाचा ताप तिथल्या तिथे उतरला. त्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, काय झालं ते मात्र त्यानं आजवर सांगितलेलं नाही.

*

अंक एक आणि डोकी चार, म्हणून नियम केला होता. आधी बापू, मग मास्तर, मग मी, शेवटी देशमुख. ज्यानं आधी वाचलं त्यानं पुढचं फोडायचं नाही. फोडलं तर डझनभर संत्री दंड.

दाराची कादंबरी सुरू झाली आणि हा नियम दर रविवारी कोर्टात जायला लागला. त्या कादंबरीत एका माणसाच्या घरात एक दार निघतं. दारातून गेलं की तेच घर, पण घरातलं एक माणूस कमी. परत यायला जावं तर आणखी एक कमी. एका रविवारी मास्तर बोलून गेले की आता भाऊ जाणार. मास्तरांनी नवा अंक बाहेर कुठेतरी पाहिला, असं म्हणत देशमुखानं लगेच संत्री मागितली. मास्तर शपथेवर सांगत होते की अंक पाहिलाच नाही, हा आपला तर्क आहे. निकाल बापूकडे गेला. त्यानं नवा अंक येईपर्यंत तारीख दिली.

अंक आला. भाऊ शाबूत. बापूनं निकाल सांगितला, "अंदाजाले दंड नाई. खरं फोडलं तरच दंड." देशमुख हिरमुसला. पण मास्तर त्याहून जास्त हिरमुसले. त्यांचं म्हणणं, दोन डझन संत्री दिली असती, पण तर्क चुकायला नको होता.

*

त्या वर्षी हिवाळा लागायच्या आधी बापूला खोकला लागला. डॉक्टरनं क्षय सांगितला आणि थंडी निघणं कठीण आहे असं आम्हाला बाजूला घेऊन म्हटलं. बापू बागेतल्या खोपीत राहायला गेला. अंकाला हात लावेना. म्हणे, माझ्यामागून तुम्ही वाचणार, तुमच्या घरी लेकरं आहेत. जो सगळ्यात आधी वाचायचा तो सगळ्यात शेवटी ऐकायला लागला. आम्ही शेवंतीच्या वाफ्याच्या अलीकडे उभं राहून मोठ्यानं वाचायचो. तो खाटेवर बसून ऐकायचा, आणि खोकला आला की हात वर करून आम्हाला थांबवायचा, एक ओळ सुटू नये म्हणून.

आणि नेमकं शेवटचं प्रकरण उरलं असताना मासिकाची चिठ्ठी आली, की कागद मिळत नाही, पुढचा अंक होळीनंतर.

बापू म्हणाला, "होळीपर्यंत मी काई पुरत नाई. त्या दारातला माणूस घरी येते का नाई, एवढं समजलं पाहिजे होतं."

*

मी रजा टाकली आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. जुन्या पोस्टकार्डावरचा पत्ता शोधत गेलो, तर लेखक एका जिनात वजनकाट्यावर कारकून निघाला. भुवयांवर कापूस. मी वाचक आहे म्हटलं तर त्याला पटेना. त्याला वाटलं वजनाची तक्रार आहे, त्यानं आधी वही काढून दाखवली. सगळं सांगितल्यावर तो काट्यावरच बसला.

शेवट त्यानं लिहून ठेवला होता. हळू आवाजात सांगितला. माणूस परत येत नाही. घरात बायको रोज दोन पानं मांडते आणि एक उचलून ठेवते. बस.

मी म्हणालो, बदलता येणार नाही का? तो म्हणाला, "छापायचं बदलत नाही. तुम्ही काय सांगायचं ते तुमचं तुम्ही पाहा." परतीच्या गाडीत मी खिडकीशी एकटाच पुटपुटत बसलो. बडनेरा येईपर्यंत मी माझा शेवट जुळवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून डझनभर संत्री घेतली आणि बागेत गेलो. वाफ्याच्या अलीकडे उभा राहिलो आणि सांगितलं, की बापू, तो येतो. शेवटच्या दारातून सरळ आपल्या अंगणात येतो. सगळी माणसं जागच्या जागी. बायको म्हणते, हातपाय धुवा, पानं मांडलीत.

बापूनं डोळे मिटून ऐकलं. मग पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, शब्द न शब्द तोच.

"बेस सांगतलं," तो म्हणाला. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "हे काय आणलं?"

"संत्री. पुढचं फोडलं ना मी. दंड."

बापू हसला. हसता हसता खोकला आला, त्यानं हात वर केला, मी थांबलो.

"ने घरी, पोराइले दे," तो म्हणाला. "अंदाजाले दंड नाई."