गोळ्यांच्या बाईंचे चाळीस कप

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे. चौथीनंतर पेन हातात आलं ते फक्त रेशनच्या अर्जापुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जिथं चुकलं असेल तिथं माफ करावं. पण एवढं मात्र मी लिहून ठेवणार आहे की आमच्या गोळ्यांच्या बाईंइतकं खऱ्याच्या मागं लागलेलं माणूस घाटकोपरच्या या डोंगरावर दुसरं कुणी चढून आलं नसेल.

त्या डॉक्टर होत्या, पण कुणाचा ताप बघायच्या नाहीत की सुई टोचायच्या नाहीत. त्यांचं काम शोध लावायचं. आमच्या ओळीत सतरा घरं, आणि सतराही घरांत कुणी ना कुणी बाई मिश्री लावते. तंबाखू तव्यावर काळा करून त्याची पूड सकाळी आणि पुन्हा दिवसातून दोन-तीनदा दातांना चोळायची. मी नवव्या-दहाव्या वर्षापासून चोळते. अशा बायांच्या अंगात ताकद कमी पडते का, आणि जीवनसत्त्वाची एक गोळी रोज घेतली तर फरक पडतो का, हे बाईंना बघायचं होतं. प्रत्येकीला नंबर घातलेली बाटली मिळाली. निम्म्या बाटल्यांत खरी गोळी आणि निम्म्यांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली, पोकळ. कुणाची कुठली हे बाईंनाही ठाऊक नव्हतं आणि त्यांना ते ठाऊक करूनही घ्यायचं नव्हतं. म्हणायच्या, "मला कळलं तर माझ्या तोंडावर दिसेल. ते तुम्हाला दिसलं की तुमची उत्तरं बदलतील."

म्हणून त्यांनी तोंडही कोरंच ठेवलं होतं. आपण सांगावं की रात्रभर पाय दुखतात, तरी "अरेरे" नाही. सांगावं की पोरगी पास झाली, तरी "वा" नाही. नुसतं लिहायच्या, आणि आपण जे बोललो ते जसंच्या तसं लिहायच्या. पहिल्या भेटीत मी घाबरून "बरं आहे म्हणायचं" असं म्हणाले, तर कागदावर "बरं आहे म्हणायचं" असंच आलं. वजनाचा काटा खांद्याच्या पिशवीत असायचा. प्रत्येक घरी आधी स्वतः त्यावर उभ्या राहायच्या आणि आकडा मोठ्यानं वाचायच्या. त्यामुळे बाईंचं वजन आमच्या चाळीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. शिवाय सोनाराकडे असतो तसा एक छोटा काटा होता. त्यावर त्या आमची मिश्रीची डबी मोजायच्या, गेल्या खेपेपेक्षा किती कमी झाली ते बघायला. ओळीतल्या एकीनं शरमेनं बाई यायच्या आधी डबी काठोकाठ भरून ठेवली. बाईंनी मोजली, जुना आकडा बघितला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मावशी, तुमची मिश्री वाढली. पिल्लं घातली का?" आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो. बाई हसल्या नाहीत. उत्तर लिहायला पेन धरून बसल्या होत्या.

उठताना कागदावरचं एक वाक्य वाचायच्या. मिश्री म्हणजे तंबाखूच आहे, त्यानं तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, सोडायची असेल तर मदत मिळेल. सतरा घरांत सतरा वेळा, एकाच आवाजात. चहा मात्र कुणाकडेच घ्यायच्या नाहीत. "एकीकडे घेतला तर सगळ्यांकडे घ्यावा लागेल, आणि जिथं साखर कमी तिथं माझं मन कमी होईल." स्वतःची पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायच्या. भर उन्हात एवढ्या पायऱ्या चढून आलेलं माणूस आपल्या दारातून कोरडं जातं, हे मला फार लागायचं.

आता आमची चूक सांगते. माझ्या शेजारच्या सुशीलावहिनी मालवणकडच्या. त्यांना सारखी चक्कर यायची. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गो, तुज्या तोंडार तेज इला हा. तुजी गोळी खरी. माका ह्या बायेन पोकळ दिल्यान." मग आमच्यात जे कालवणाचं होतं तेच गोळ्यांचं झालं. एकीकडे चांगलंचुंगलं शिजलं की वाटी दुसरीकडे जातेच. दोघींच्या बाटल्या आम्ही एका स्टीलच्या डब्यात ओतल्या आणि त्यातून रोज एकेक घेऊ लागलो. बाई यायच्या दिवशी उरलेल्या आम्ही परत बाटल्यांत मोजून भरायचो. बाईंचा प्रश्न असायचा, "गोळी रोज घेतली का?" आम्ही म्हणायचो, घेतली. खोटं काही नव्हतं. हिशेबही एका गोळीनं चुकला नाही.

बाई तीन महिन्यांनी एकदा यायच्या. चौथ्या खेपेला म्हणाल्या, "ताई, तुमची आणि वहिनींची वही मी आमच्या मोठ्या साहेबांना दाखवली. इतकं चोख मी कुठे बघितलं नाही. ही गोळी सगळ्या वस्त्यांत वाटायची की नाही ते अशा वह्यांवरून ठरेल." माझी नजर त्या स्टीलच्या डब्याकडे गेली. वहिनींनी मागून माझा पदर ओढला आणि कुजबुजल्या, "गप रव गो. बाई काय गोळ्यांका विचारतली?" आणि खरंच, कुणी विचारलंच नव्हतं. मी रेशनच्या रांगेत माझा नंबर गेला तरी बोलत नाही. पण तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बाई, माझ्या गोळ्या माझ्या नाहीत."

मग सगळं सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. "कधीपासून?" "पहिल्या आठवड्यापासून." "आणखी कुणी?"  आणि ज्या मला गप बस म्हणत होत्या त्याच वहिनी ठणकावून बोलल्या, "सगळीच, बाई. हय कोण एकटा खाता?"

बाईंनी पिशवीतून पट्टी काढली. माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकेक रेघ मारली. मग वहिनींच्या. मग एकेक करून बाकीच्या पंधरा घरांच्या. त्यांचं वर्षभराचं काम माझ्या उंबऱ्यात बसून त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं. एकही रेघ वाकडी गेली नाही. मी विचारलं, "रागावलात?" म्हणाल्या, "स्वतःवर. चौदा प्रश्न काढले, पण शेजारणीला दिली का, हे विचारायचं सुचलं नाही." आणि तिथंच त्यांनी पंधरावा प्रश्न लिहून घेतला.

रक्त तपासायला साकीनाक्याला जायचं भाडं म्हणून मला खेपेला शंभर रुपये मिळाले होते. मी चालत जायची, पैसे ठेवले होते. ते चारशे मी त्यांच्यापुढे ठेवले. बाई म्हणाल्या, "तुमची सही झालीय, मला परत घेता येत नाहीत." मी म्हटलं, "मला ठेवता येत नाहीत."  मग बाईंनी आपल्या वहीत बघितलं. "तुमचं नाव आता यादीत नाही. म्हणजे तुमच्याकडचा चहा मला चालतो. खाली टपरीवर कपाला दहा रुपये पडतात. चारशेचे चाळीस कप." मला थट्टा वाटली. त्यांनी वहीचं नवं पान काढून एक ते चाळीस आकडे लिहिले आणि म्हणाल्या, "पहिला आजच."

तो पहिला कप पिताना त्यांनी माझ्या डबीकडे बघितलं आणि विचारलं, "सोडाल का हो ती?" कागद हातात नव्हता. आवाज वेगळाच होता.

त्यानंतर त्यांचं काम दुसऱ्या वस्तीत नव्यानं सुरू झालं, पण महिन्यातून दोनदा तरी त्या पायऱ्या चढून यायच्या, चहा प्यायच्या आणि आकडा खोडायच्या. पावसाळ्यात दोन वेळा चुकल्या, तर नंतर एकदम तीन कप प्यायल्या. तिसाव्या कपाच्या आसपास त्यांचं काम संपलं आणि बाटल्यांची यादी उघडली. आम्हा दोघींच्याही गोळ्या पोकळ निघाल्या. वहिनी खवळल्या, "मगे माजी चक्कर कशान गेली?" बाई म्हणाल्या, "माहीत नाही." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

माझी मिश्री पुरती सुटलेली नाही. सकाळची एवढी राहिली आहे. बाईंना मी तेच सांगितलं, जसं आहे तसं.

चाळिसाव्या कपाला मी आलं जास्त किसलं आणि गॅस बारीक ठेवला. म्हटलं, होऊ दे उशीर. साकीनाक्याला आणखी चार खेपा घातल्या असत्या तर कप वाढले असते, असं मनात आलं. बाईंनी कप उचलून बघितला. "हा मोठा आहे, ताई."  त्यांनी तो तळापर्यंत प्यायला, शेवटचा आकडा पट्टी लावून खोडला आणि खाली लिहिलं, 'चारशे रुपये पूर्ण मिळाले.' मग पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. अक्षर वाकडंच आलं.