नालीचा वास

ती घटना मला आठवते ती वासाने. घरी सून शेगडीचा नॉब फिरवते, काडी ओढायला क्षणभर उशीर होतो, आणि माझ्या हातातले वर्तमानपत्र आपोआप खाली येते. सून हसते. म्हणते, "बाबा अजून ड्यूटीवरच आहेत." तिचे चुकत नाही.

मी काशीतच वाढलो. वडील रामघाटच्या वेदशाळेत शिकवत. मी मात्र पोलिसात गेलो. त्यावरून रामघाटात बरीच कुजबुज झाली, पण तो विषय वेगळा. फिरत फिरत माझी बदली शेवटी घाटांकडच्याच एका ठाण्यावर झाली. तेव्हा मी सब-इन्स्पेक्टर, म्हणजे तिकडच्या भाषेत दरोगा, आणि ठाण्याचा प्रमुख होतो. गॅसची जोडणी मिळायला लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, तो काळ.

पावसाळा सरला होता, गंगेचे पाणी उतरले होते. दुर्गाघाटाच्या मागच्या गल्लीत एक फरशी खचली. आधी ताटाएवढी जागा होती. आठवड्याने तिथे बाज मावली असती. नगरपालिकेचा माणूस आला, दोन फळ्या टाकून गेला. फळ्याही एके सकाळी आत गेल्या. खड्डा ज्या घराच्या मागच्या भिंतीकडे सरकत होता, ते एका अग्निहोत्री गुरुजींचे घर होते. गुरुजी सत्तरीचे, घरात ते आणि काकू दोघेच. लग्नानंतर त्यांनी अग्नी घेतला होता. तेव्हापासून तो विझलेला नव्हता. सकाळी सूर्य उगवताना आणि संध्याकाळी मावळताना होम, एरवी अग्नी राखेखाली जपलेला.

एका सकाळी काकू स्वतः ठाण्यात आल्या. नऊवारी नेसलेली म्हातारी बाई ठाण्याच्या पायऱ्या चढते आहे हे पाहून आमचा दिवाणजी उठूनच उभा राहिला. दिवाणजी म्हणजे ठाण्याचा रोजनामचा लिहिणारा हवालदार.

काकू म्हणाल्या, "अरे बाळ, त्या खड्ड्यातून बदबू येते आहे. बघ जरा येऊन."

"काकू, नाली फुटली असेल. पावसाळ्यानंतर होतंच."

"नालीचा नाहीये हा वास. नालीचा वास मी पन्नास वर्षं घेते आहे."

मी त्यांना बसवले, पाणी दिले, वडिलांची खुशाली सांगितली. तक्रार लिहून घेतो म्हणालो. त्या गेल्यावर दिवाणजीला मजकूर सांगितला: नालीचा वास, नगरपालिकेला कळवणे. एक ओळ. त्या दिवशी एका मंत्र्याचा दौरा होता आणि माझे सगळे लक्ष बंदोबस्ताच्या यादीत होते. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण काही नव्हतेच.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी खबर आली ती एका नावाड्याकडून. हा मणिकर्णिकेला चितेची लाकडे पोचवायचा. घाटावरच्या किरकोळ भांडणात त्याला एकदा मी सोडवले होते, तेवढीच आमची ओळख. तो ठाण्याच्या दाराशी घुटमळत उभा राहिला, आत येईना. मी बाहेर गेलो तेव्हा त्याने हळूच विचारले, "सरकार, लकड़ी क नाव मणिकर्णिका छोड़ के दुर्गाघाट काहे जात हौ? उहाँ के जरत हौ?"

प्रश्न अगदी सरळ होता. लाकूड मणिकर्णिकेला जाते, कारण माणसे तिथे जळतात. दुर्गाघाटावर कोण जळते? पण गेले वर्षभर लाकडाची एक नाव मणिकर्णिका ओलांडून पुढे दुर्गाघाटाला लागत होती. ओंडक्यांखाली काहीतरी जड असे. ते गुरुजींच्या घरामागच्या तळघरात जाई.

तळघर गुरुजींनी एका पूजासाहित्य विकणाऱ्याला दिले होते. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. भाडे म्हणून तो रोजच्या समिधा आणि गोवऱ्या आणून द्यायचा. गुरुजींना दुसरे काही नकोच होते. तळघराच्या पायऱ्या मागच्या गल्लीतून उतरत. गुरुजी वर्षभरात एकदाही खाली गेले नव्हते, कारण तिथे उतरले की सोवळे मोडणार आणि पुन्हा गंगेवर स्नानाला जावे लागणार. माणूस आपल्या नियमांनी कसा आपल्याच घरात परका होतो, ते मी तेव्हा पाहिले.

मी एका शिपायाला साध्या कपड्यांत घाटावर बसवला. तीन दिवसांनी त्याने सांगितले, "साहब, आदमी भगत है. दोनों टाइम घाट पर बैठता है."

"कधी?"

"सूरज निकलने से पहले, और डूबने से पहले."

"स्नान करतो? संध्या, जप?"

शिपायाने डोके खाजवले. नाही. नुसता बसतो. तोंड कुठे असते विचारले, तर म्हणाला गल्लीकडे. गंगेकडे पाठ करून बसणारा भक्त मी काशीत पाहिला नव्हता. पण खरे सांगायचे तर त्याचा अर्थ मलाही लागला नाही. माझ्या डोक्यात चोरलेल्या मूर्ती नाहीतर गांजा होता.

चौथ्या दिवशी दुपारी त्याला ठाण्यात आणले. तीन तास प्रश्न विचारले. नावेत काय असते? लाकूड. लाकूड विकतोस कुठे? होमाला देतो. तळघराची किल्ली? हरवली. माझा अनुभव असा की खोटे बोलणारा माणूस पहिल्या तासात घामाघूम होतो किंवा चिडतो. हा दोन्ही करीना. चहा दिला तर प्यायला, वर आले कमी आहे म्हणाला. मारहाण मी करत नसे. शेवटी झडतीचे कागद केले, कुलूप तोडायला छिन्नी-हातोडा घेतला, त्याला बरोबर घेतले आणि आम्ही गल्लीत पोचलो. उन्हे उतरली होती.

गुरुजी गंगेवरून स्नान करून ओलेत्याने येत होते. मला पाहून म्हणाले, "आज वर्दीत? काय झालं?"

मी म्हणालो, "गुरुजी, तळघर उघडायचं आहे. पंच म्हणून तुम्ही हवे. पण आधी होम आटोपून घ्या, आम्ही थांबतो."

हे मी केवळ रीत म्हणून बोललो. सूर्यास्ताच्या होमाची वेळ चुकवायला लावणे माझ्या जिवावर आले असते. बूट काढले, भाडेकरूला घेऊन अग्निशाळेच्या दाराबाहेर ओट्यावर बसलो. आत काकू समिधा नीट लावत होत्या. गुरुजींनी राख बाजूला सारली, निखारा लाल झाला. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास मला ऐकू येऊ लागला. तीन तासांत न आलेला घाम त्याच्या मानेवरून ओघळत होता.

गुरुजींनी फुंकणी उचलली तसा तो ओरडला, "गुरुजी, आग मत बढ़ाइए! नीचे गैस है!"

सगळे मला एकदम कळले. घाटावर बसणे कळले, गंगेकडची पाठ कळली, आणि काकूंचा वासही कळला.

मग तो थांबेचना, बोलतच सुटला. तळघरात सिलिंडर होते, मोठ्यातून लहानात गॅस भरायचे काम तिथेच चाले. जागा पुरेना म्हणून त्याने जमीन खोल खणली, त्यात जुना विटांचा नाला फुटला. नाल्याच्या पाण्याने माती वाहून नेली आणि वर फरशी खचली. म्हणजे खड्डा त्यानेच केला होता. पुढे खड्ड्याने कुलपाच्या दाराआडच्या तळघराच्या पायऱ्या गिळल्या. सिलिंडर बाहेर काढता येईनात, गळती थांबवता येईना. रोज दोन वेळा होमाच्या आधी तो जीव मुठीत धरून घाटावर पळायचा आणि घर उडते का ते बघत बसायचा. वर दोन म्हातारी माणसे त्याच्याच समिधांनी अग्नी पेटवत होती. मी त्याच्या मुस्कटात मारली. पूर्ण नोकरीत आरोपीवर हात टाकल्याची ही एकच वेळ, आणि त्याचा मला अजून पुरता पश्चात्ताप होत नाही.

छिन्नी-हातोडा मी लांब पाठवून दिला. एक ठिणगी पुरली असती. शिपाई घरोघर धावले: चूल विझवा, दिवा लावू नका, बटणाला हात लावू नका, घाटावर चला. वीज बाहेरून बंद करायला माणूस गेला, अग्निशमन दलाला निरोप गेला. त्या गल्लीत हातगाडीही शिरत नाही, त्यामुळे लोकांनी आजारी माणसे खांद्यावर घेतली. पाव तासात गल्ली रिकामी झाली. पेटलेला उरला तो एकच अग्नी.

झडतीला बरोबर आलेला हवालदार दाराशी पाण्याची बादली घेऊन उभा होता.

गुरुजी अग्नीपुढून हलले नाहीत. "तुम्ही जा," ते म्हणाले. "मी हा विझवणार नाही आणि विझवू देणार नाही. मणिकर्णिकेला आमचं दहन याच अग्नीनं व्हायचं आहे. त्यासाठीच तो सांभाळला."

"गुरुजी, तुमच्याबरोबर गल्ली जाईल."

"लोक बाहेर गेले ना?"

"घरं जातील त्यांची. आणि काकू?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली असती तर त्याने बादली ओतली असती. कायदा माझ्या बाजूने होता. आणि मला नक्की माहीत होते की हे पाणी मी एका माणसाच्या सबंध आयुष्यावर ओतणार आहे.

तेवढ्यात काकू बोलल्या. आवाज चढवला नाही. "अहो, प्रवासाला निघताना अग्नी अरणीत घेतात ना? घ्या तो अरणीत."

अरणी म्हणजे घुसळून अग्नी काढायची लाकडांची जोडी. प्रवासाला निघणारा अग्निहोत्री अग्नी मंत्राने त्या लाकडांत उतरवतो. मग कुंडात उरतो तो नुसता विस्तव. मुक्कामी पोचल्यावर अरणी घुसळून तोच अग्नी पुन्हा प्रकट करायचा. हे मी लहानपणी वडिलांकडून ऐकले होते आणि पार विसरलो होतो.

गुरुजी म्हणाले, "प्रवास असेल तर. घाटावर जाऊन बसणं हा प्रवास नव्हे. आणि मी क्षेत्रसंन्यास घेतला आहे, विसरलीस? मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही."

"विसरले नाही. समोर वाळू आहे. गंगेच्या पलीकडे काशी नाही. चला, जाऊन येऊ."

काशीत राहणाऱ्याला हे वाक्य काय आहे ते कळेल. काशीत मरण यावे म्हणून माणसे येऊन राहतात. पलीकडच्या वाळूत मेलेला गाढवाच्या जन्माला जातो असे तिथे लोक हसत हसत सांगतात, पण संध्याकाळनंतर पलीकडे थांबत कोणी नाही. आणि या बाई नवऱ्याला, वीस वर्षांचे व्रत मोडून, सत्तराव्या वर्षी तिथे जाऊ म्हणत होत्या.

गुरुजींनी खुंटीवरची अरणी काढली, अग्नीवर धरून तापवली आणि मंत्र म्हणू लागले. आवाज मधेच फुटला, पुन्हा लागला. संपल्यावर त्यांनी अरणी उपरण्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि मागे न बघता बाहेर पडले. काकूंनी कुंडात वाळू लोटली आणि हाताने दाबून सारखी केली.

हवालदाराने बादली खाली ठेवली. तो बनारसीच होता. कोपराने डोळे पुसत होता.

नाव शोधायची वेळ आली तेव्हा खबर देणारा तोच नावाडी घाटावर उभा होता. त्याने दोघांना पलीकडे नेले आणि रात्रभर त्यांच्यापाशी वाळूत बसून राहिला. अग्निशमन दलाच्या माणसांनी खड्ड्यावर दोर टाकून सिलिंडर एकेक करून बाहेर काढले. मी पहाटे घाटावर आलो. सूर्य वर येता येता पलीकडच्या वाळूवर धुराची बारीक रेघ दिसली. अरणीतून अग्नी निघाला होता. तेव्हा मी पायरीवर बसलो आणि खूप रडलो.

त्याच दिवशी दुपारी तळघराची भिंत अर्ध्या अग्निशाळेसह खड्ड्यात बसली. कोणाला खरचटलेही नाही. भाडेकरूला शिक्षा झाली. गुरुजी-काकू रामघाटाला एका खोलीत राहायला गेले. क्षेत्रसंन्यास त्यांनी पुन्हा घेतला नाही. एकदा सुटले ते सुटले, म्हणत.

पुढे ज्या ज्या ठाण्यावर गेलो, तिथे मी एक शिस्त लावली. तक्रार करणाऱ्याबरोबर कोणीतरी जागेवर जाऊन यायचे, मगच रोजनामच्यात ओळ लिहायची. हाताखालचे लोक वैतागत. कारण मी कोणाला सांगितले नाही.

काही वर्षांनी काकू गेल्या. गुरुजींचा निरोप आला म्हणून मी मणिकर्णिकेला गेलो. मडक्यातून आणलेला घरचा अग्नी त्यांनी काकूंना दिला. पत्नी गेली की अग्निहोत्र संपते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला तो आता उरणार नव्हता. चिता पेटल्यावर ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"त्या दिवशी तुझा हवालदार बादली ओतता, तर आज हिला काडेपेटीनं जाळावं लागलं असतं," ते म्हणाले.

मला राहवले नाही. "गुरुजी, त्याच्या आधी काकू ठाण्यात आल्या होत्या. मी नालीचा वास म्हणून लिहिलं आणि सोडून दिलं."

"माहीत आहे. घरी येऊन म्हणाली होती, मुलगा चांगला आहे, पाणी दिलं, वडिलांची खुशाली सांगितली." ते चितेकडे बघत होते. "म्हणाली, फक्त ऐकलं नाही."