श्रीपतीची भोवळ

तुंगार्लीत पर्यटकांना भाड्यानं बंगले मिळवून देणारा श्रीपती वर्षभरात निम्मा झाला. पुण्याला जाऊन त्यानं वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. जठर लहान करून आतडं त्याला जोडलेलं. गावात मात्र सांगितलं, "निर्धार! पहाटे तळ्यावर चालतो मी." बायकोला, सविताला, तोंड उघडायची बंदी.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण हा लबाड उपदेश करत सुटला. शिवणकाम करणाऱ्या लठ्ठ जाहिदाला भर बाजारात म्हणाला, "मावशी, तुमचा जिभेवर ताबाच न्हाई!" ती बिचारी मान खाली घालून निघून गेली.

डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, गोड खाल्लंस तर साखर आधी चढेल, मग झपकन उतरेल आणि भोवळ येईल. पण नको म्हटलं तर कारण सांगावं लागणार! म्हणून लग्नाकार्यात जिलेबी हाणायचा आणि मागाहून कुठंतरी भिंतीला टेकून घाम पुसत बसायचा. सुदुंबऱ्याच्या साखरपुड्याहून परतताना गाडीवरच डोळ्यांपुढं अंधारी आली. गाडी चारीत गेली, मागं बसलेल्या सविताचा हात मोडला. "कुत्रं आडवं आलं," म्हणाला. बायकोचं हाड मोडलं तरी याची शान शाबूत!

मग गणेश मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. पेढे झाले, भाषणं लांबली. "वजन वाढतं मनाच्या दुबळेपणानं..." म्हणता म्हणता तो माइकसकट कोसळला. कुणी कांदा आणला, कुणी नाकाला चप्पल लावली.

सविता प्लास्टरातला हात सांभाळत पुढं आली. त्यानं डोळे उघडल्यावर तिनं त्याला साखरेचं पाणी पाजलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यांचं पोटाचं ऑपरेशन झालंय. म्हणून चक्कर येते. गाडीवरून पडलो तेही त्यामुळंच."

समोरच्या गर्दीतून जाहिदा उठली.

"भाऊ, मलाबी डॉक्टरनं हेच ऑपरेशन सांगितलं होतं. तुमचं बघून मी न्हाई म्हटलं. वाटलं, मीच नालायक."

तेव्हा तरी माणसानं माफी मागावी. हा काय म्हणाला? "उकाड्यानं झालं. बाईमाणसाला काय कळतंय!"

जाहिदानं पुढं ऑपरेशन करून घेतलं. कुणी लाडू पुढं केला की ती सरळ सांगते, "ऑपरेशन झालंय, गोड चालत न्हाई." लोक चहा बिनसाखरेचा देतात, बस्स. तिला अजून एकदाही भोवळ आलेली नाही.

श्रीपतीला येते. सविता आता त्याच्या गाडीवर बसत नाही, एसटीनं जाते.