भुऱ्यासकट बसता येईल अशी गाडी

आमच्या घरात आठ जीव आहेत आणि त्यांतले दोन कुत्री आहेत. हिंगोलीच्या शोरूममध्ये पाय ठेवताच मी हे सांगून टाकलं, आणि समोरच्या टायवाल्या गृहस्थांचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

आठांची ओळख करून देते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका (आवाज मोठा). आमच्या ह्यांचं शिरड शहापुरात बी-बियाणांचं दुकान (आवाज नाही). सासूबाई, ज्यांना सगळं घर आत्याबाई म्हणतं. तनू, समू आणि ओम ही तीन लेकरं. चंपी, जी भाजीच्या पिशवीत मावते. आणि भुऱ्या, जो कशातच मावत नाही.

गाडी नव्हती तेव्हा आमचं बरं चाललं होतं. घरात एक मोटरसायकल आणि एक स्कूटी. स्कूटीवर माझ्या पायांपाशी भुऱ्या उभा राहायचा, पुढचे दोन पाय हँडलवर टेकवून. गावात लोक आधी त्याला हात करायचे, मग मला. माझी काही तक्रार नव्हती.

मग हट्टा गावातलं एक लग्न आलं. जीप भाड्याने केली, कुत्री शेजाऱ्यांकडे बांधून ठेवली आणि निघालो. गावाबाहेर आल्यावर मागच्या काचेतून पाहते तर भुऱ्या! गळ्यात तुटलेली दोरी, आणि जीपच्या मागे जीव तोडून पळतोय. मी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडले, पण जीपमध्ये आधीच चौदा जण होते, तेही एकाच वेळी बोलत होते. दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा भुऱ्या फाट्यावरच बसलेला होता. तळपाय सोलवटलेले. चार दिवस मी त्याच्या पायांना हळद-तेल लावत होते, आणि खरं सांगते, मला माझीच लाज वाटत होती. तिथेच मी जाहीर केलं की यापुढे हा कबिला निघेल तर सगळा निघेल, आणि त्यासाठी गाडी घ्यायची!

गाडी म्हटलं की आमच्या घरात भाऊजींचं मत लागतं. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. राहायला गावाबाहेर, आखाड्यावर (शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात). त्यांच्याकडे एक छोटी कार आहे. तिच्या सीटवरचं प्लास्टिक त्यांनी तीन वर्षांत काढलेलं नाही. त्या गाडीत माणूस बसत नाही, घसरतो.

"वहिनी, गाडी माणसासाठी असती," भाऊजी म्हणाले. "कुत्र्यासाठी आखाडा असतो. द्या ती दोन्ही माझ्याकडं. साखळी आणतो, बांधतो, राखण करतील."

"भुऱ्याला साखळी?"

"मंग काय त्याला सोफा टाकू?"

"भाऊ म्हणतो ते बराबर हाय," हे हळूच म्हणाले.

"काय बराबर हाय?"

"म्हंजी... तू म्हणतीस ते बी बराबर हाय."

भाऊजींनी मिशीवर हात फिरवला. "असं करा वहिनी. तुमचे आठ जीव एका गाडीत बसवून दाखवा. बसले तर मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई बसले तर कुत्री आखाड्यावर. बोला!"

"बसवून दाखवते! साठ पोरं एका वर्गात बसवते मी!"

(ती खिडकीतून बाहेर उड्या मारतात हे मी सांगितलं नाही.)

गाडी घरबसल्या फोनवर बघून घेतात, असं तनू म्हणाली. मी ऐकलं नाही. झंपर शिवताना माप अंगावरून घेतात, मग गाडीचं माप तोंडी कसं सांगायचं? रविवारी शेजाऱ्यांचं पिकअप घेतलं आणि आठही जीव हिंगोलीला निघालो. आत्याबाई पुढे बसल्या, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. पिशवीत काय आहे हे मी विचारलं नाही. इथे माझं चुकलं.

टायवाले गृहस्थ दारातच आडवे आले. "मॅडम, डॉग्ज अंदर अलाऊड नहीं. गाडीत तर बिल्कुलच नाही."

मी भिंतीकडे बोट केलं. तिथे भलामोठा फोटो होता. चकचकीत गाडी, गोरेपान आईबाप, दोन गोरीपान लेकरं आणि मागच्या खिडकीतून जीभ काढून हसणारं एक सोनेरी कुत्रं.

"हे काय हाय?"

"मॅडम, तो फोटो आहे."

"फोटोतलं कुत्रं चालतं, शिरड शहापूरचं चालत न्हाई काहून? त्याच्या केसांना कलर हाय म्हणून?"

माझा वर्गातला आवाज शोरूमच्या काचांवर आदळून परत आला. आतली तीन गिऱ्हाइकं उठून उभी राहिली (त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी निघाला). टायवाले बाजूला झाले.

आधी त्यांनी छोटी गाडी दाखवली. भुऱ्या आत चढला आणि मागचं पूर्ण सीट व्यापून आडवा झाला. मागोमाग लेकरं घुसली.

"मम्मी, शेपटी दारात येऊन राहिली!" समू ओरडली.

"शेपटी आत घे. ओम कुठाय?"

"भुऱ्याखाली!"

ती गाडी बाद झाली. मग बाहेर दारापाशी उभी असलेली एक पांढरी, उंच गाडी उघडली. सीटच्या तीन रांगा. सगळ्यात मागची रांग दुमडली आणि तिथे एवढी जागा झाली की मला भरून आलं. मी "चला" म्हणताच भुऱ्या आणि चंपीने एकेक उडी मारली. मधल्या सीटवर तीन लेकरं. पुढे हे, स्टिअरिंग हातात घेऊन, दुकानात गिऱ्हाईक नसताना बसतात तसे. दारं लागली! चारही लागली! मागचं पाचवंही लागलं! मी बाहेरून बोटाने मोजायला लागले. सहा. मी सात. आठवं कोण राहिलं?

तेवढ्यात गाडीच्या पुढून आवाज आला, फट्!

आत्याबाईंनी नारळ फोडला होता.

मी धावत पुढे गेले. बॉनेटवर हळदीने सारवल्यासारखं केलेलं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. चारही चाकांखाली लिंबं. पिशवीत काय होतं ते आता कळलं. सगळी लेकरं गाडीत बसली, दारं लागली, म्हणजे गाडी ठरली, असा हिशोब धरून आत्याबाई कामाला लागल्या होत्या.

"आजी! आजी, ये क्या कर रहे!" टायवाले धावले. "ही डेमो गाडी आहे!"

"असंना बाबा. बसलो न्हवं आमी तिच्यात?"

"बसून बघायला दिली होती, आजी! विकली नाही!"

आत्याबाईंनी पदराला हात पुसले. "हे बघ लेकरा. बाजारातून बैल आणला, पायावर पाणी घातलं, कपाळाला कुकू लावलं, की तो घरचा झाला. कुकू लावून माघारी धाडीत न्हाईत. मंग गाडीनं काय पाप केलंय?"

शोरूमच्या एका पोराने ओलं फडकं आणून बॉनेट पुसायला घेतलं. त्याने स्वस्तिक गेलं, पण हळद पसरली, आणि अर्धी गाडी नवरीसारखी पिवळी झाली. ह्यांनी घाबरून दार उघडलं, तसा भुऱ्या सीटांवरून उड्या मारत बाहेर आला, अर्धा नारळ करवंटीपासून ओरबाडून खाल्ला, शांतपणे पुढच्या चाकाकडे गेला आणि लिंबावर तंगडी वर केली. आमच्या बाजूने दोन्ही पूजा आटोपल्या.

आतून मॅनेजर आले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ही माफी मागायची वेळ आहे, हे मला कळत होतं. मागणारही होते! पण काचेतून ते फोटोतलं सोनेरी कुत्रं दिसत होतं, अजून हसत होतं. मी पदर खोचला आणि म्हणाले, "हीच द्या. डेमो तर डेमो. आठांना जागा हाय हिच्यात."

"अगं पण आपण ती छोटी..." हे म्हणाले.

"काय?"

"न्हाई, हीच बराबर हाय."

मॅनेजर इतके खूश झाले की मला शंका यायला हवी होती. त्यांनी स्वतः सगळ्यांना बसवून चक्कर मारायला पाठवलं. निघण्याआधी मी आठ जणांचा फोटो काढला आणि भाऊजींना टाकला. खाली लिहिलं, "बसले!" लगेच उत्तर आलं, "आखाड्यावर आणून दाखवा."

पहिल्याच गतिरोधकावर भुऱ्याने अर्धा नारळ परत केला. व्यवहार मोडायची राहिलीसाहिली आशा ह्यांनी तिथेच सोडली.

कागदपत्रं होऊन आठ दिवसांनी गाडी दारात आली. धुतलेली, पुसलेली, अत्तर मारलेली. निम्मी गल्ली बघायला जमली. आत्याबाई बसल्या, लेकरं बसली, हे बसले. चंपी टुणकन पुढच्या सीटवर, म्हणजे माझ्या सीटवर, चढली आणि थंडगार हवा लागताच झोपली.

"चल भुऱ्या!"

भुऱ्या आला. गाडीत नाक घातलं, एकदा हुंगलं आणि मागे सरून खाली बसला. माणसाच्या नाकाला अत्तर आलं असेल. त्याच्या नाकाला तो नारळच आला.

बिस्किट दाखवलं, भाकरी दाखवली. मग चौघांनी उचलून आत घातला, तो दुसऱ्या दाराने बाहेर आला. पुन्हा घातला, पुन्हा आला. शेवटी तो चालत गेला आणि स्कूटीपाशी उभा राहिला, माझ्याकडे बघत. गल्ली हसायला लागली.

"मम्मी, तू ये की त्याच्याबरोबर मागून," तनू म्हणाली. "चंपीला उठवू नको, आत्ताच झोपलीय."

तर आमच्या नव्या गाडीची पहिली वरात अशी निघाली: पुढे पिवळसर गाडी, आत थंडगार कुटुंब. मागे धुळीत मी, हेल्मेट घालून, आणि पायांपाशी भुऱ्या.

आखाड्यावर भाऊजी अंगणातच उभे होते. हातात नवीकोरी साखळी. ती बघूनही मी स्कूटी सरळ त्यांच्या पुढ्यात नेऊन लावली.

"न्हाई बसला न्हवं?" भाऊजी म्हणाले. "मंग ठरल्याप्रमाणं..."

"बसला होता! फोटो तुमच्या फोनात हाय. आज त्याची मर्जी न्हाई, इतकंच. साखळी बांधायचीच असंल तर आधी मला बांधा!"

"अवो वहिनी, पण गाडीत बसायची आवडच न्हाई त्या कुत्र्याला, तर काहून एवढा..."

त्यांची छोटी कार दार उघडं टाकून झाडाखाली उभी होती, आणि त्या दारातून भुऱ्या आत चढत होता. चिखलाच्या चार पायांनी. तीन वर्षं जपलेल्या प्लास्टिकवर तो एकदा घसरला, सावरला, गोल फिरला आणि हुश्श करून आडवा झाला. त्या गाडीत नारळाचा वास नव्हता.

आत्याबाई म्हणाल्या, "थांब, माझ्या पिशवीत अजून एक नारळ हाय," तेव्हा भाऊजींनी घाईघाईने साखळी म्हशीच्या गोठ्यात नेऊन टांगली. त्या दिवसापासून कुत्री आखाड्यावर द्यायचा विषय त्यांनी काढलेला नाही.

त्या दिवशी भुऱ्याला घरी सोडायला भाऊजींना स्वतः गाडी काढावी लागली, कारण तो उतरेचना. आता आम्ही कुठेही निघालो की भाऊजींना फोन जातो, आणि ते कुरकुरत येतात. पुढे आमची गाडी: हे, आत्याबाई, तीन लेकरं आणि माझ्या सीटवर चंपी. मागे भाऊजींची गाडी: मागच्या प्लास्टिकवर भुऱ्या, पुढच्या सीटवर त्याची ताट-वाटी आणि अंथरूण. आणि सगळ्यात मागे, धुळीत, स्कूटीवर मी.

मी हरलेले नाही, हे इथे स्पष्ट करते. सगळा कबिला निघतो म्हणाले होते, सगळा निघतो! आमच्या गाडीत आठांना पुरेल एवढी जागा आहे, कोणीही शिरड शहापूरला येऊन टेप लावून मोजावी. मीही पुन्हा एकदा आत बसून बघणार आहे. चंपी उठली की.