वाडीच्या वाटेसाठी अडलेला अंगठा

२६ जानेवारी, ग्रामसभा. हजर: सरपंच, ग्रामसेवक, शाळेचे गुरुजी, बचत गटाच्या आम्ही अकरा जणी, मांडवाच्या कडेने उभी पुरुष मंडळी आणि सगळ्यांच्या पुढे सतरंजीवर वाडीवरची करवंदवाली मावशी. पोशीरपासून कडावपर्यंत हिच्याइतकी हट्टी बाई सापडणार नाही, हे मी गटाची सचिव म्हणून लिहून द्यायला तयार आहे.

मावशी करवंदं विकते तीही आपल्या अटीवर. मी वरचं करवंद उचललं की हात धरते. "तळातलं चाख गं. वर समदेच ग्वाड ठेवतात." डॉक्टरची चिठ्ठी ती निदान दोघांकडून वाचून घेते. एकदा मी घाईत 'जेवणानंतर' असं वाचलं, तर म्हणाली, "गुरुजींनी जेवणाआधी वाचलं. दोगं बसा, ठरवा, मंग मी गोळी घेते." आम्ही खरंच बसलो. चूक माझी निघाली.

आमच्याकडे रीत अशी की हजेरीचं रजिस्टर आधी घरोघर फिरतं आणि ठराव मागाहून लिहिले जातात. मागच्या वर्षी मावशीनेही उंबऱ्यात बसून अंगठा दिला. पुढे कळलं, त्या अंगठ्याच्या वर ठराव लिहिला होता: वाडीची वाट वापरात नाही. त्या वाटेवर फार्महाऊसवाल्याने फाटक बसवलं आणि वाडीची पोरं ओढ्याचा वळसा घालून शाळेत जाऊ लागली. तेव्हापासून मावशी सभेला अंगठ्यावर चिंधी गुंडाळून येते.

"काय लागलं मावशी?" ग्रामसेवकांनी विचारलं.

"मागं शाई लागली व्हती. आजून बरं नाय."

सरपंच म्हणाले, "सह्या पुरल्या नाहीत तर सभा तहकूब होईल."

"करा की. परत येईन, भाकर बांधून. आदी आमची वाट लिवा."

मी पेनाला टोपण लावलं. आमच्यातल्या एकीनेही सही केली नाही. तासाभराने ग्रामसेवकांनी लिहिलं: वाट पूर्वापार वहिवाटीची आहे, खुली करावी. मावशीने ते त्यांच्याकडून, मग गुरुजींकडून वाचून घेतलं आणि मगच चिंधी सोडली.

मे महिन्यात ती टोपली घेऊन आली, ओढ्याच्या वळशानेच. माझ्या घराच्या पायरीवर टेकली. मग हळूच म्हणाली, "लिवलंय ना गं आपण? मंग फाटक का हाय?" मी पाणी दिलं. ठरावाची प्रत तहसील कचेरीत मी स्वतः दिली आहे, पोचही घेतली आहे. जागेची पाहणी व्हायची आहे. दर सोमवारी मी फोन करते, साहेब बाहेर गेलेले असतात. गटाच्या वहीत त्या कामापुढे 'झालं' लिहायची जागा अजून कोरी आहे.