सगळ्यांची ताटं

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तोंड मिटलं ते मिटलंच. पक्षाघातानं उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. पण गिळता येतंय, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. तरी मी पेजेची वाटी पुढे केली की ते डावा पंजा वाटीवर पालथा ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मी हात बाजूला करायची, ते पुन्हा ठेवायचे. दोन दिवस हाच खेळ. उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टर म्हणाले. अण्णा ती ओढून काढणार, मग त्यांचा धड हातही खाटेला बांधणार, हे मला आधीच दिसत होतं.

मी जात्याच हट्टी. अण्णा जेवतील तेव्हाच मी जेवीन, असं मी गणपतीला बजावलं होतं. विनवलं नाही, बजावलं. नुसत्या चहावर होते. देव खरंच ऐकतो का, की आपणच भिंतीशी बोलतो, असंही मनात येत होतं, आणि तसं आलं म्हणून पुन्हा भीती वाटत होती.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर अंबडच्या एक आजी होत्या. दुपारी त्यांची सून डबा घेऊन आली. सासूला भरवून झाल्यावर ती आमच्याकडे बघत उभी राहिली. मला रागच आला, काय तमाशा आहे का म्हणून. तेवढ्यात तिनं विचारलं, "काका मिशनच्या बोर्डिंगातले का वो?"

मी थक्क. होतेच की. जाफराबादहून लहान वयात जालन्याला शिकायला आले ते मॅट्रिक होईपर्यंत तिथंच राहिले. हिला कसं कळलं? तर तीही त्याच बोर्डिंगातली, अण्णांच्या कितीतरी वर्षं नंतरची. तिथली रीत तिनं सांगितली. वाढलेल्या ताटावर पंजा पालथा ठेवून बसायचं. शेवटच्या लेकराला वाढून झालं की प्रार्थना, आणि मगच घास. आई होती तेव्हा घरीही अण्णा ताटावर क्षणभर हात धरायचे. भाकरी गरम आहे का ते बघतात, म्हणून आई त्यांना चिडवायची.

मग तिनं मला विचारलं, जेवल्या का? मी नवसाचं सांगितलं, थोडं तोऱ्यातच.

ती हसली. "ताई, तुम्ही काकांची वाट बघून राह्यल्या, अन् काका तुमची."

मी वाटीवरच्या त्या हाताकडे बघितलं. पण उपास मोडायचा कसा? मोडला आणि तो अण्णांच्या जिवावर उठला तर? मी नको नको म्हणत होते, तोवर तिनं डब्याच्या झाकणात भाकरी आणि मेथीची भाजी वाढलीही होती. अण्णा माझ्याकडेच बघत होते. मग मी हरले. जे व्हायचं ते तू बघ, असं गणपतीला म्हणून झाकणावर हात ठेवला. तिनंही आपल्या घासावर ठेवला. "प्रभू, हे तू दिलंस, सगळ्यांना पुरू दे," एवढंच ती म्हणाली. अण्णांचे ओठ हलले. वाकडातिकडा, पण 'आमेन'च होता तो. त्यांनी वाटीवरचा हात काढला आणि तोंड उघडलं. मी एका हातानं भरवत होते, दुसऱ्या हातानं खात होते, आणि रडं काही थांबत नव्हतं.

तिनं कुणाकुणाला फोन केले कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून बोर्डिंगवाले यायला लागले. एक शाळेत अण्णांच्या बाकावर बसणारे, पांढऱ्या केसांचे, एक कुंभार पिंपळगावचा दुकानदार, एक नुकतीच शाळा सोडलेली मुलगी. एकमेकांना कधी न पाहिलेली ही माणसं सख्ख्या भावंडांसारखी बोलत होती. डबा प्रत्येकाचा दोघांपुरता, आणि मी जेवल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

गणपतीनं ऐकलं की येशूनं, हे मी कुणाला विचारलं नाही. दोघांपुढे हात जोडते. आता देवाला अटी घालत नाही, एवढं मात्र खरं.

अण्णा आता तुटक बोलतात. परवा मी लाडानं रागावले, म्हटलं, नळी लागली असती तर? एवढा कसला तो बोर्डिंगाचा नियम?

त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले.

"नियम न्हाई, माय. तू उपाशी होतीस."