आप्पांना आलेला वास

परवा मुलीने नवं अत्तर माझ्या मनगटाला लावलं. लवंग, लोबान आणि मागून येणारा लाकडाचा ऊबदार वास. मी एकदम सुरतच्या त्या दुकानात आप्पांचं बोट धरून उभी राहिले.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. आप्पा, म्हणजे माझे वडील, उधन्याच्या मिलमध्ये कापड रंगवायचे. अत्तरवाल्या चाचांच्या पुढ्यात लवंगा, दालचिनी, राळेचे खडे मांडलेले. त्यांनी निखाऱ्यावर ऊदाचा तुकडा ठेवला. धूर वर चढला आणि मला देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं झालं.

"आप्पा, वास उना का?" आला का, असं मी आमच्या अहिराणीत विचारलं.

आप्पांनी त्या लवंगांकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "उना ना माय."

मग ते सांगू लागले. गावी त्यांची आई काळा मसाला भाजायची. तेलात आधी लवंग फुलायची, मग दगडफूल, आणि गल्लीभर लोकांना कळायचं. चाचा हातातलं काम थांबवून ऐकत राहिले. मी पुन्हा हुंगलं, तर धुरात खरंच माझी कधी न पाहिलेली आजी होती.

घरी आलो. स्टोव्हवरचं दूध उतू जाऊन करपलं, शेजारी पाठमोरे बसलेले आप्पा हलले नाहीत. आई धावत आली तेव्हा म्हणाले, "काय झालं?" मी खूप हसले होते.

मिलमधल्या रंगांच्या वाफांमुळे आप्पांना कित्येक वर्षं कसलाच वास येत नव्हता, हे मला मोठेपणी कळलं. परवा मनगट नाकाशी नेलं, तर तेलात लवंग फुलत होती.